पिस्तुलाचे पैसे कशाचे पडतात?

मुलाचा किंवा मुलीचा स्कोअर ६००पैकी ५३०-५४०च्या आसपास रेंगाळायला लागला की रेंजवर एक विषय निघतोच. तोवर क्लबचं पिस्तूल चाललेलं असतं, तेही दोघा-तिघांत वाटून घेतलेलं. एक दिवस कोच म्हणतात, आता स्वतःचं घ्या. मग घरात नवी नावं यायला लागतात: स्टायर, मोरिनी, पार्दिनी, वाल्थर, फाइनवेर्कबाऊ. म्हणजे ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटली आणि जर्मनी. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या या वरच्या श्रेणीची किंमत युरोपातल्या दुकानात साधारण दीड ते अडीच हजार युरो असते. इथे येईपर्यंत तिच्यावर वाहतूक, कर आणि विक्रेत्याचा वाटा चढतो. दोन लाखांच्या आसपासचा आकडा ऐकून आईवडील जो प्रश्न विचारतात तो अगदी रास्त असतो: याने स्कोअर किती वाढेल?

या प्रश्नाचं उत्तर बरंचसं आकड्यांत देता येतं. दुकानदार ते देत नाही, कारण ते त्याच्या सोयीचं नाही.

सुरुवात लक्ष्यापासून करू. दहा मीटरच्या पिस्तूल-लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि पुढची प्रत्येक रेषा मध्यापासून आणखी ८ मिलिमीटर लांब जाते. छर्रा ४.५ मिलिमीटर जाड. त्याची कड रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो. सगळं जमेला धरलं तर छर्र्याचं केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडलं की दहा, १६च्या आत नऊ, २४च्या आत आठ. आता पिस्तुलाकडे बघा. चांगल्या मॅच पिस्तुलाबरोबर कारखान्यातल्या चाचणीचं एक कार्ड येतं. पिस्तूल पकडीत घट्ट आवळून पाच छर्रे मारलेले असतात आणि कार्डावर एकच भोक दिसतं, एका छर्र्यापेक्षा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंद. असं कार्ड पाहून माणूस हरखतो. पण दहाच्या मापाशी ताडून पाहिलं तर ही अचूकता गरजेच्या कितीतरी पुढची आहे.

५४० मारणाऱ्या नेमबाजाचे छर्रे केंद्रापासून सरासरी १२ मिलिमीटरवर पडतात. हा फैलाव त्याच्या खांद्याचा, श्वासाचा, बोटाचा. त्याच्या हातात आधी एक बरंच ढिलं पिस्तूल द्या, जे पकडीत आवळूनही छर्रे सरासरी ३ मिलिमीटर इकडेतिकडे टाकतं. मग एक उत्तम पिस्तूल द्या, जे १ मिलिमीटरच्या आसपास टाकतं. माणसाची चूक आणि यंत्राची चूक सरळ बेरजेने एकत्र येत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज होते. त्यामुळे मोठी चूक लहान चुकीला जवळजवळ गिळून टाकते. हिशेब पुरा केला तर साठ शॉटमध्ये दोन पिस्तुलांतला फरक निघतो दोन-अडीच गुणांचा. ५४०चे ५४२ होतील.

हाच हिशेब ५८० मारणाऱ्यासाठी केला तर फरक चार गुणांच्या वर जातो. त्याचे छर्रे सरासरी साडेसहा-सात मिलिमीटरवरच पडत असतात, म्हणून पिस्तुलाचं अपुरेपण त्याच्याकडे लपत नाही. नवशिक्याला महागडं पिस्तूल तारून नेतं आणि कसलेला माणूस कशानेही मारतो, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. गणित नेमकं उलटं सांगतं. हात जितका स्थिर, तितकं चांगलं पिस्तूल अधिक लाभाचं.

नळीच्या अचूकतेसाठी एवढे पैसे मोजावे लागत नाहीत, याचा पुरावा रशियातल्या इझेव्हस्कच्या कारखान्याने कधीच देऊन ठेवला आहे. बाइकाल या नावाखाली विकलं गेलेलं त्यांचं इझ-४६ हे पिस्तूल पाश्चात्त्य मॅच पिस्तुलांच्या तुलनेत फारच स्वस्तात मिळत असे. नळी उत्तम. ट्रिगरही वाईट नव्हता, त्याची जुळवाजुळव करता येई. जगभरच्या क्लबांत कित्येकांनी त्यावर नेमबाजी शिकली. त्याची अडचण वेगळीच होती. प्रत्येक शॉटआधी खालचा लांब दांडा पुढे ओढून परत आणायचा, तेव्हा हवा दाबली जाते आणि एका शॉटपुरती पुरते. हवा दर वेळी सारखीच भरते, त्यामुळे छर्र्याचा वेगही सारखा राहतो, पण हात सारखा राहत नाही. दांडा ओढायचा म्हणजे ग्रिप सोडायची किंवा निदान ढिली करायची, खांद्याला झटका द्यायचा, मग पुन्हा पकड जुळवायची. हे साठ वेळा, शिवाय आधीचे सरावाचे शॉट वेगळेच. २०१८पासून महिलांचा सामनाही ४०वरून ६० शॉटचा झाला, तेव्हापासून हा भार त्यांच्याही वाट्याला सारखाच आला.

आजच्या मॅच पिस्तुलात दांडा नाही. नळीखालच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबलेली हवा असते, एकदा भरली की शे-दीडशे शॉट सहज निघतात आणि नियंत्रक झडप प्रत्येक शॉटला तेवढीच हवा सोडते. नेमबाजाने फक्त बोल्ट उघडायचा, छर्रा ठेवायचा, बंद करायचा. हात ग्रिपमधून हलत नाही. महागड्या पिस्तुलाचा पहिला खरा लाभ हा, आणि तो चाचणीच्या कार्डावर कुठेही दिसत नाही.

दुसरा लाभ ट्रिगरचा. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३३ सेंटिमीटर अंतर असतं. फोरसाइट मागच्या खाचेत अर्धा मिलिमीटर जरी डावीकडे सरकली, तर दहा मीटरवर छर्रा १५ मिलिमीटर डावीकडे जातो. म्हणजे जवळजवळ दोन वर्तुळं. याउलट साइट जुळलेल्या ठेवून अख्खा हातच ५ मिलिमीटर सरकला, तर छर्राही ५ मिलिमीटरच सरकतो आणि गुण दहाच राहतो. हात हलणं परवडतं, मनगट कलणं परवडत नाही. लक्ष्याकडे नको, फोरसाइटकडे बघ, असं कोच घसा कोरडा होईपर्यंत का सांगतात ते या दोन आकड्यांत आहे.

आणि मनगट कधी कलतं? बहुतेक वेळा ट्रिगर ओढताना. नियमाप्रमाणे दहा मीटर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. सामन्याआधी नळी वर करून ट्रिगरला वजन लटकवतात आणि ते उचललं जातं का ते पाहतात. मॅच पिस्तूल साधारण किलोभराचं असतं, नियमाची कमाल मर्यादा दीड किलो. आता साध्या एअर पिस्तुलाचा विचार करा, ज्याचा ट्रिगर दीड-दोन किलोचा असतो आणि मधे कुठेतरी अडखळत, खरडत मागे येतो. बोटाचा जोर पिस्तुलाच्या वजनापेक्षा जास्त झाला. असं पिस्तूल हलल्याशिवाय सुटणं शक्यच नाही. मॅच ट्रिगरमध्ये दोन टप्पे असतात. पहिल्यात साडेतीनशे-चारशे ग्रॅम भार बोटावर आधीच घेऊन ठेवता येतो, मग एक स्पष्ट अडसर लागतो आणि उरलेल्या शंभर-दीडशे ग्रॅमला पिस्तूल सुटतं. दोन्ही टप्प्यांचं वजन, त्यांची लांबी, ट्रिगरच्या पात्याचा कोन, ते बोटापासून किती दूर हवं, हे सगळं छोट्या स्क्रूंनी बदलता येतं. बदललं की तिथेच टिकतं. वर्षभराने, उन्हाळ्यात, प्रवासानंतर तेच वजन, तोच अडसर. पैसे या टिकण्याचे आहेत.

या ट्रिगरचा आणखी एक उपयोग किमतीच्या चर्चेत कोणी काढत नाही. मॅच पिस्तुलात हवा न सोडता, छर्रा न घालता नुसता ट्रिगर चालवायची सोय असते. यालाच ड्राय फायर म्हणतात. घरी कोऱ्या भिंतीसमोर उभं राहून रोज अर्धा तास ट्रिगरचा सराव करता येतो, खर्च शून्य. पिस्तुलातल्या गुंतवणुकीचा सर्वांत मोठा परतावा मला इथे दिसतो, आणि बहुतेकांच्या घरी तो पडून असतो.

आता ग्रिप. मला विचाराल तर अर्धी किंमत हिच्यासाठी द्यावी. अक्रोडाच्या लाकडाची ही मूठ लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते, उजव्या हाताची वेगळी, डाव्याची वेगळी. तळहाताखाली वरखाली सरकणारी फळी असते. अंगठ्याला जागा, बोटांना खाचा, तळव्याच्या खळग्यात बसणारा फुगवटा. काही पिस्तुलांत अख्ख्या ग्रिपचा कोन फिरवता येतो. पण हाताला वेढणारी ग्रिप नियमात बसत नाही, आणि पिस्तूल साइट्ससह ४२ बाय २० बाय ५ सेंटिमीटरच्या खोक्यात मावलं पाहिजे. ग्रिप जाड करत गेलं की पाच सेंटिमीटरची रुंदी आधी संपते.

ग्रिप बरोबर आहे की नाही हे ओळखायची रेंजवरची रीत साधी आहे. डोळे मिटा, पिस्तूल नेहमीसारखं उचला, डोळे उघडा. फोरसाइट खाचेच्या मधोमध दिसली तर ग्रिप तुमची. दर वेळी डावीकडे दिसत असेल, तर तुम्ही प्रत्येक शॉटला मनगट पिळून ती मध्ये आणता आहात, आणि चाळिसाव्या शॉटनंतर थकलेलं मनगट आपल्या मूळ जागी परत जातं. स्कोअरकार्डावर दहा-दहा शॉटच्या पहिल्या चार मालिका ९२च्या आणि शेवटच्या दोन ८७च्या दिसल्या की मी आधी दमछाकीचं नाही, ग्रिपचं विचारतो. म्हणून जुने नेमबाज नव्याकोऱ्या ग्रिपवर कानस चालवतात, जिथे पोकळी वाटते तिथे लाकडाची लुकणी भरतात, पुन्हा घासतात. लाखाच्या वस्तूला कानस लावताना घरच्यांचा जीव वरखाली होतो, पण नवा बूट जसा पायाने मऊ करून घ्यावा लागतो तसंच हे आहे. ज्यांना स्वतः करायचं नाही त्यांच्यासाठी हाताच्या मापावरून ग्रिप बनवून देणारे कारागीर आहेत, आता त्रिमितीय छपाईनेही ग्रिप बनतात.

इथे एक व्यावहारिक गोष्ट निघते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा हात अजून वाढणार असतो. त्याच्यासाठी मोठं पिस्तूल आज घेऊन ठेवू, पुढे हात बसेल, असा विचार शाळेच्या गणवेशाला ठीक आहे. पिस्तुलाला नाही. मोठ्या ग्रिपमध्ये घालवलेली दोन वर्षं मनगटाला जी खोड लावतात ती पुढे मोडायला वेळ लागतो. पिस्तूल घ्यायचंच तर ग्रिप आजच्या मापाची घ्या, नंतर फक्त ग्रिप बदला. लहान मुलांसाठी याच कंपन्यांच्या आखूड नळीच्या, हलक्या आवृत्त्याही मिळतात.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. जाहिरातीत धक्का शोषणाऱ्या यंत्रणेचं फार कौतुक असतं. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने निघाला तर किलोभराचं पिस्तूल सेकंदाला साडेसात सेंटिमीटर वेगाने मागे ढकललं जातं, हवेचा धक्का आणखी थोडा. छर्रा नळीबाहेर पडायला काही सहस्रांश सेकंदच लागतात, तेवढ्यात पिस्तूल मिलिमीटरचा अंशच हलतं. शोषकामुळे शॉटनंतर साइट जागेवर राहिलेल्या दिसतात, त्यातून आपली चूक वाचता येते, हे खरं. पण त्यावाचून कोणाचं अडलेलं नाही. विजेवर चालणारा ट्रिगर हवा की यांत्रिक, हा वाद रेंजवर चहाबरोबर चांगला रंगतो. आणि वरच्या पाच-सहा कंपन्यांपैकी सर्वांत अचूक कोणती, या प्रश्नात मला काही अर्थ वाटत नाही. पकडीत आवळल्यावर त्यांच्यातला फरक कोणत्याही माणसाच्या हातातल्या थरथरीपुढे नगण्य आहे. जिची ग्रिप तुमच्या हाताला बसते आणि जिचे सुटे भाग व दुरुस्ती तुमच्या आवाक्यात आहे, ती सर्वांत चांगली.

दुरुस्तीचं मोल कळायला टोकियो ऑलिंपिक आठवावं लागतं. २५ जुलै २०२१ रोजी महिलांच्या दहा मीटर एअर पिस्तूल पात्रता फेरीत भारताच्या मनू भाकरचं पिस्तूल दुसरी मालिका संपायच्या आधीच बिघडलं. लिव्हर तुटली. पिस्तूल घेऊन बाहेर जाणं, दुरुस्त करणं, परत येणं यात पंधरा मिनिटांहून जास्त वेळ गेला, आणि घड्याळ थांबत नाही. साठ शॉटला एकूण ७५ मिनिटं असतात. उरलेले शॉट घाईत मारून तिने ५७५ केले आणि ती बारावी आली. आठवी, म्हणजे अंतिम फेरीत गेलेली शेवटची नेमबाज ५७७वर होती. पिस्तूल जगातल्या सर्वोत्तमांपैकी एक होतं. महाग वस्तू बिघडत नाही, अशी हमी कोणत्याच किमतीला मिळत नाही. राखीव पिस्तूल वापरायला नियमाची आडकाठी नसते, पण राखीवची ग्रिप वेगळी, ट्रिगर वेगळा, साइट पुन्हा जुळवायच्या, तेही टिकटिकत्या घड्याळासमोर. म्हणूनच वरच्या पातळीवरचे नेमबाज सारख्या दोन पिस्तुलांचा खर्च करतात. ऑलिंपिकच्या ठिकाणी निदान कंपन्यांचे तंत्रज्ञ हजर असतात. सांगली-साताऱ्याच्या नेमबाजाच्या सिलिंडरमधून शनिवारी रात्री हवा गळायला लागली, तर सोमवारच्या सामन्याआधी नवं रबरी कडं कोण बसवून देणार, हे खरेदीआधीच ठाऊक असायला हवं.

तीन वर्षांनी पॅरिसमध्ये मनूने याच प्रकारात कांस्य मिळवलं आणि दोन दिवसांनी, ३० जुलै २०२४ रोजी, सरबज्योत सिंगबरोबर मिश्र सांघिक कांस्य. त्या दुसऱ्या स्पर्धेचं रौप्य तुर्कीच्या जोडीला गेलं आणि त्यातल्या एकाचं छायाचित्र जगभर फिरलं. एक्कावन्न वर्षांचा युसूफ दिकेच, साधा टी-शर्ट, रोजचा चष्मा, एक हात खिशात. इतर नेमबाज नेमबाजीचे खास चष्मे, डोळ्यावरचे पडदे लावून उभे, आणि हा जणू भाजी आणायला निघालेला. साधनांवाचूनही जिंकता येतं, असा निष्कर्ष लाखो लोकांनी काढला. छायाचित्र नीट पाहिलं तर त्याच्या दुसऱ्या हातात काय आहे ते दिसतं. ते नेमबाजीसाठीच बनवलेलं पूर्ण मॅच पिस्तूल आहे, सिलिंडरसकट, घडवलेल्या ग्रिपसकट. त्याने सोडलं ते न लागणारं. पिस्तूल सोडलं नाही. आणि एक हात खिशात तर सगळेच घालतात, कारण मोकळा लोंबता हात शरीराला डोलवतो.

किमतीत आणखी एक धोका दडलेला असतो, नियम बदलण्याचा. पंचवीस मीटर रॅपिड फायर प्रकारात २००४पर्यंत पॉइंट टू-टू शॉर्ट या आखूड काडतुसाची, खास त्यासाठीच घडवलेली पिस्तुलं चालत. वाल्थरचं ओएसपी त्यातलंच. २००५पासून ते काडतूस या प्रकारातून गेलं आणि त्याबरोबर ती सुंदर यंत्रंही. पन्नास मीटर फ्री पिस्तूल हा तर पिस्तुलकारांच्या हौसेचा कळस होता. ट्रिगरला किमान वजनाची अट नाही, ग्रिपने सगळा हात वेढलेला. दक्षिण कोरियाच्या जिन जाँग-ओने २००८, २०१२, २०१६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं त्यात मिळवली. आपल्या जितू रायने २०१४च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकलं. रिओनंतर तो प्रकार ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आला, कारण मिश्र सांघिक स्पर्धांना जागा हवी होती. ज्यांनी त्यासाठी लाखो रुपये घातले होते, त्यांच्या पिस्तुलाचं बाजारमूल्य एका बैठकीत उतरलं. दहा मीटर एअर पिस्तूल १९८८पासून ऑलिंपिकमध्ये ठाण मांडून आहे, त्यामुळे पैसे घालायला सध्या तरी हा सर्वांत सुरक्षित प्रकार.

कोल्हापूरच्या राही सरनोबतचं नाव घेऊन बरेच पालक थेट पंचवीस मीटरचं विचारतात. राहीने २०१३मध्ये चांगवॉनला विश्वचषक सुवर्ण आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, ते पॉइंट टू-टू स्पोर्ट्‌स पिस्तुलाने. तिथे हिशेबच निराळा आहे. ते अग्निशस्त्र, म्हणजे परवाना लागतो, आणि प्रत्येक शॉटला काडतूस जळतं. ४.५ मिलिमीटरचं, २० जूलपर्यंतच्या ऊर्जेचं एअर पिस्तूल मात्र २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवान्यातून मुक्त आहे. तरी खरेदीचं बिल आणि कागद जपून ठेवा, प्रवासात ते दाखवावे लागतात. आणि परवाना लागत नाही म्हणजे ते खेळणं नव्हे. पाच-सहा जूल ऊर्जेचा छर्रा डोळा घालवायला पुरेसा आहे.

पंचवीस मीटर बाजूला ठेवला तरी एअर पिस्तुलाचा चालू खर्च नीट मांडायला हवा, कारण फसगत तिथेच होते. दिवसाला शंभर छर्रे आणि वर्षाला अडीचशे दिवस सराव धरला, तर वर्षाला २५ हजार छर्रे. मॅच छर्र्यांचा डबा ५००चा येतो, म्हणजे ५० डबे. एका डब्याला हजार रुपये धरले तर वर्षाला पन्नास हजार. चार वर्षांत छर्रे पिस्तुलाएवढी किंमत खातात. शिवाय रेंजची फी, कोच, बूट, प्रवास, हवा भरायचा पंप. सगळी बचत पिस्तुलात ओतून मग छर्रे मोजून मारणारी मुलं प्रत्येक रेंजवर असतात. त्यांच्यापेक्षा क्लबच्या जुन्या पिस्तुलावर भरपूर सराव करणारा मुलगा पुढे निघतो. दोन लाख हातात असतील आणि पुढची सोय नसेल, तर नवं पिस्तूल घेऊ नका. निम्म्यात वापरलेलं घ्या, उरलेले छर्र्यांना ठेवा.

मग घ्यायचं कधी? क्लबच्या पिस्तुलाला टेकू देऊन, बसून, दहा छर्रे मारा. सगळी भोकं मिळून १२-१३ मिलिमीटरच्या वर्तुळात बसली तर नळीला दोष देता येणार नाही. त्यानंतर डोळे मिटून उचलायची परीक्षा. तिथे नापास झालात तर आधी ग्रिप दुरुस्त करून पाहा, ती क्लबच्या मालकीची असल्याने घासता येत नसेल तर स्वतःचं पिस्तूल घ्यायला हे सर्वांत सबळ कारण आहे. चार मुलांत वाटलेल्या पिस्तुलाची ग्रिप कुणाचीच नसते, त्याचा ट्रिगर आठवड्यातून दोनदा कोणीतरी बदलतो, आणि ते घरी नेऊन ड्राय फायर करता येत नाही. तेव्हा स्वतःचं पिस्तूल घेणं आणि सर्वांत महाग पिस्तूल घेणं, हे दोन निर्णय वेगळे करा. पहिला ५४०च्या सुमाराला, मुलाचं मन वर्ष-दोन वर्षं टिकलेलं दिसल्यावर, योग्यच आहे. दुसरा ५६५-५७०पर्यंत थांबू शकतो. तिथून पुढे मात्र कंजुषी करू नये. राज्य स्पर्धेतून राष्ट्रीय पातळीकडे जाताना दोन-चार गुणांवर दहा-वीस क्रमांक मागेपुढे होतात.

वापरलेल्या मॅच पिस्तुलाचा बाजार चांगला आहे, कारण ही यंत्रं झिजत फार कमी आणि नेमबाज बदलतात फार हौसेने. तिथे खरेदी करताना नळी चकचकीत आहे का हे पाहण्यात वेळ घालवू नका. ट्रिगर पन्नास वेळा ओढून पाहा. सिलिंडर भरून रात्रभर ठेवायला सांगा आणि सकाळी दाब उतरला का ते बघा. ग्रिप आधीच्या मालकाने घासलेली असणारच, ती टाकून नव्या ग्रिपचे पैसे वेगळे धरा. आणि व्यवहार ठरवण्याआधी सिलिंडरवरची तारीख वाचा. अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरचं आयुष्य उत्पादनापासून दहा वर्षं धरतात, मुदतीत असण्याची जबाबदारी नियमाने नेमबाजाचीच असते, आणि नवं सिलिंडर स्वस्त नसतं. मुदत संपत आली असेल तर तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागा.